बदलत्या नेटवर्कशी जुळवून घेणारे मिडलवेअर: ‘केव्हा’ त्याचे, ‘काय’ ॲपचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठिकठिकाणी बसवलेल्या यंत्रांची पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एक मोबाइल ॲप आहे. पाहणीच्या नोंदी भरणे, छायाचित्रे जोडणे, यंत्राचा जुना इतिहास आणि आराखडे पाहणे ही त्यातली मुख्य कामे. नेटवर्क कधी उत्तम असते, कधी रडतखडत चालते आणि कधी तासन्‌तास नसतेच. आज प्रत्येक स्क्रीनच्या कोडमध्ये ‘वाय-फाय असेल तर मोठे चित्र, नसेल तर लहान’ अशा अटी विखुरलेल्या आहेत आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याच्या मुदती, तर जागोजागी वेगळे आहेत. हे सारे एका मिडलवेअरमध्ये, म्हणजे ॲप आणि नेटवर्क यांच्यामधल्या सॉफ्टवेअरच्या थरात, गोळा करावे का, केले तर त्या थराने नेमके काय करावे, आणि ॲपला नेटवर्कचा विचारच करावा लागणार नाही इतके ते परिपूर्ण होऊ शकेल का, असे विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ आहे. शेवटच्या भागाचे उत्तर मात्र ‘नाही’ आहे, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच फसतात, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. नेटवर्क पूर्णपणे झाकून टाकणारा थर बांधायचा म्हटले, की त्या थराला असे निर्णय घ्यावे लागतात ज्यांसाठी लागणारे ज्ञान त्याच्याजवळ नसते. पाहणीचे छायाचित्र लहान करून पाठवले तर चालेल का? यंत्राच्या एकंदर स्थितीचे असेल तर चालेल. पण धातूवरची केसाएवढी भेग दाखवण्यासाठी काढलेले असेल, तर लहान केलेले छायाचित्र न पाठवल्यासारखेच आहे. बाइट मोजणाऱ्या थराला हा फरक कधीही कळणार नाही. याउलट, सगळेच ॲपवर सोडले, तर एकाच फोनवर चालणारी पाच कामे एकमेकांना न विचारता एकाच अरुंद वाटेने घुसतात आणि प्रत्येकाला वाटते की बँडविड्थ, म्हणजे त्या वाटेची रुंदी, आपलीच आहे.

या दोन टोकांमधला मार्ग नवा नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन नोबल, महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘ओडिसी’ ही प्रणाली मांडली. तिच्यातील कामाची वाटणी आजही मला सर्वांत समंजस वाटते. बँडविड्थसारख्या साधनांवर लक्ष ठेवण्याचे काम एका मध्यवर्ती घटकाकडे होते, आणि प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी तिचे स्वरूप जाणणारा स्वतंत्र घटक होता. ॲप्लिकेशन सांगत असे, की ‘बँडविड्थ या किमान आणि या कमाल मर्यादेत आहे तोवर माझे ठीक चालले आहे, तिच्याबाहेर गेली तर मला कळव.’ मर्यादा ओलांडली की प्रणाली उलट हाक मारत असे आणि ॲप्लिकेशन आपल्या माहितीचा दर्जा स्वतः बदलत असे. सर्व्हरवरच्या मूळ प्रतीशी पडद्यावरची प्रत किती जुळते, या अर्थाने तिथे दर्जाचा विचार केला होता, आणि चित्रफितीचा, चित्राचा व बोललेल्या शब्दाचा दर्जा वेगवेगळ्या अंगांनी घसरतो हे त्यात गृहीत होते. हीच वाटणी आजच्या भाषेत सांगायची तर केव्हा, कोणत्या क्रमाने आणि किती वेळा प्रयत्न करून पाठवायचे हे मिडलवेअरने ठरवावे. काय पाठवायचे आणि त्यातले काय सोडून देणे चालेल हे ॲपने ठरवावे. पुढचे सगळे याच एका रेषेवरून काढले आहे.

आता मोजमापाकडे येऊ. नेटवर्कचा प्रकार हा नेटवर्कच्या स्थितीचा पुरावा नव्हे. वाय-फाय म्हणजे फोनपासून राउटरपर्यंतचा टप्पा. त्याच्या पुढची वाट अरुंद असेल, किंवा लॉगिन पान भरल्याशिवाय पुढे जाऊच न देणारे वाय-फाय असेल, तर फोनच्या कोपऱ्यातले पूर्ण भरलेले चिन्ह काहीच सांगत नाही. अँड्रॉइड म्हणूनच जोडणी ‘आहे’ आणि जोडणीतून इंटरनेटपर्यंत पोहोचता येते हे ‘पडताळले आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते, आणि जोडणीवर डेटाची मोजणी होते का हे तिसरीच खूण म्हणून देते. आयओएसवरही जोडणी महाग आहे का आणि वापरकर्त्याने डेटा कमी वापरण्याची निवड केली आहे का, हे स्वतंत्रपणे विचारता येते. या खुणा जरूर वापराव्यात, पण धोरण ठरवण्यासाठी. वेग त्यांवरून ताडू नये.

वेग ताडायचा तो आपल्याच प्रत्यक्ष देवाणघेवाणीवरून. चाचणीसाठी मुद्दाम डेटा पाठवणे म्हणजे अरुंद वाट स्वतःच अडवून ती अरुंद असल्याचे जाहीर करणे होय. पण प्रत्यक्ष देवाणघेवाणीतून मोजतानाही एक चूक मी वारंवार पाहिली आहे, आणि सुरुवातीच्या एका प्रकल्पात ती माझ्याही हातून झाली होती: आलेले बाइट भागिले लागलेला वेळ, असा सरळ हिशेब. समजा जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागणारी वाट आहे आणि उत्तर १० किलोबाइटचे आहे. ते उत्तर एका फेरीत येते, आणि हिशेब सांगतो सुमारे ४०० किलोबिट प्रतिसेकंद. वाट प्रत्यक्षात २० मेगाबिटची असली तरी उत्तर तेवढेच निघते, कारण इथे बँडविड्थ मोजलीच गेली नाही. मोजला गेला तो फेरीचा विलंब. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा खात्रीने पोहोचवणारा प्रोटोकॉल, सुरुवातीला साधारण दहा पॅकेटच (डेटाचे छोटे तुकडे) पाठवून पोचपावतीची वाट पाहते, त्यामुळे लहान उत्तरे वाटेची खरी रुंदी कधीच वापरत नाहीत. म्हणून बँडविड्थचा अंदाज फक्त मोठ्या हस्तांतरांवरून, निदान शंभरेक किलोबाइटच्या पुढच्या, आणि तोही सुरुवातीचा भाग वगळून काढावा. लहान उत्तरांवरून फेरीचा विलंब काढावा, कारण ते त्यासाठी उत्तम साधन आहे. तुमच्या ॲपमध्ये नोंदी लहान आणि छायाचित्रे मोठी आहेत. तेव्हा दोन्ही मोजमापे वेगवेगळ्या झऱ्यांतून आपोआप मिळतील.

विलंब मोजताना सरासरीइतकेच तिच्याभोवतीचे चढउतार महत्त्वाचे असतात. व्हॅन जेकबसन आणि मायकेल केरल्स यांनी १९८८ मध्ये टीसीपीसाठी मांडलेली पद्धत अजूनही पुरेशी आहे: जुन्या सरासरीचे सात-अष्टमांश आणि नव्या मापाचा एक-अष्टमांश घेऊन नवी सरासरी, तशाच पद्धतीने विचलनाची सरासरी, आणि वाट पाहण्याची मुदत म्हणजे सरासरी अधिक विचलनाची चौपट. तुमच्या थरात सर्व्हरचा प्रक्रियेचा वेळही त्यात येईल, तेव्हा प्रत्येक प्रकारच्या विनंतीसाठी हिशेब निराळा ठेवावा. छायाचित्राच्या अपलोडला मात्र एकूण वेळेची मुदत लावूच नये. तिथे ‘गेल्या इतक्या सेकंदांत एकही बाइट पुढे सरकला नाही’ हीच अट योग्य ठरते. नाहीतर हळू पण निश्चितपणे पुढे जाणारे अपलोड नव्वद टक्क्यांवर तोडले जाते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. कमकुवत नेटवर्कवर काम करणाऱ्या माणसाचा ॲपवरचा विश्वास याच एका कारणाने उडताना मी पाहिला आहे.

अंदाजाला वयही असते. वाय-फायवरून मोबाइल डेटावर उडी पडली, की दहा सेकंदांपूर्वीचा अंदाज दुसऱ्याच वाटेविषयी असतो. म्हणून मिडलवेअरने ॲपला नुसता आकडा देऊ नये. आकडा, तो कधीचा आहे, आणि त्यावर किती विसंबावे, अशा तिन्ही गोष्टी द्याव्यात. ‘चांगले, मध्यम, वाईट’ अशा तीन खणांत सगळे बसवण्याचा मोह होतो, परंतु त्या खणांच्या सीमा कोणाच्या सोयीने आखायच्या, याला उत्तर नसते. नोंद पाठवण्यासाठी जे नेटवर्क चांगले, ते आराखडा उतरवून घेण्यासाठी वाईट असू शकते.

अंदाजावरून कृती करताना दोन सापळे आहेत. पहिला, सीमेवर झोके घेणारा: अंदाज मर्यादेच्या किंचित वर आणि किंचित खाली होत राहतो आणि चित्राचा दर्जा दर काही सेकंदांनी बदलतो. यावर उपाय म्हणजे खाली येण्याची आणि वर जाण्याची मर्यादा वेगळी ठेवणे, खाली लगेच यावे आणि वर जाताना थांबून, खात्री करून जावे. दुसरा सापळा अधिक खोल आहे. दर्जा उतरवला की हस्तांतरे लहान होतात, लहान हस्तांतरांवरून मोजलेला वेग आणखी कमी दिसतो, म्हणून दर्जा आणखी उतरतो, आणि नेटवर्क सुधारले तरी ॲप तळाशीच अडकून बसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये व्हिडिओ सेवांच्या बाबतीत ही घसरगुंडी स्पष्टपणे दाखवून दिली, आणि नंतर २०१४ मध्ये वेगाच्या अंदाजाऐवजी मुख्यतः बफरच्या, म्हणजे पुढे दाखवण्यासाठी आधीच उतरवून ठेवलेल्या भागाच्या, पातळीवरून निर्णय घेण्याचा मार्ग मांडला. बफर भरत असेल तर वाट मागणीपेक्षा रुंद आहे, रिकामा होत असेल तर अरुंद आहे. हे सांगायला भाकीत लागत नाही.

तुमच्या ॲपमध्ये व्हिडिओचा बफर नाही, पण त्याच्या जोडीची एक गोष्ट आहे: पाठवायच्या नोंदींची रांग. त्या रांगेतली सर्वांत जुनी नोंद किती वेळ खोळंबली आहे, हा माझ्या मते तुमच्या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. मेगाबिटांचा अंदाज चुकू शकतो. चाळीस मिनिटे खोळंबलेली नोंद चाळीस मिनिटेच खोळंबलेली असते.

याच रांगेपाशी मी सर्वाधिक वेळ घालवावा असे सुचवेन. वापरकर्त्याने ‘जतन करा’ म्हटले, की नोंद आधी फोनवरच्या डेटाबेसमध्ये पक्की लिहिली जावी आणि मगच नेटवर्कचा विचार सुरू व्हावा. नेटवर्क असतानाही हाच क्रम असावा, कारण ‘नेटवर्क असताना एक वाट, नसताना दुसरी’ असे दोन रस्ते ठेवले की दुसरा रस्ता कमी वापरला जातो आणि नेमक्या गरजेच्या वेळी तुटलेला निघतो. अशा रांगेची कल्पनाही जुनी आहे. एमआयटीमधील ‘रोव्हर’ या साधनसंचाने १९९५ मध्ये दूरस्थ विनंत्या रांगेत ठेवून जोडणी मिळेल तेव्हा पाठवण्याची पद्धत मांडली होती, आणि त्याच्याही आधी ‘कोडा’ या फाइल प्रणालीने जोडणी तुटण्यापूर्वी लागणाऱ्या फायली साठवून घेणे, तुटलेली असताना स्थानिक प्रतीवर काम चालू ठेवणे आणि जोडणी परतल्यावर बदलांची नोंदवही सर्व्हरवर पुन्हा चालवणे, असे तीन टप्पे ठरवले होते. तुमच्या कर्मचाऱ्याला सकाळी निघतानाच दिवसभरात कोणती यंत्रे पाहायची हे ठाऊक असते. मग त्यांचे आराखडे आणि इतिहास निघण्यापूर्वीच फोनवर उतरवून ठेवणे, हे कोणत्याही चतुर दर्जा-निवडीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

रांगेतल्या प्रत्येक कृतीला फोनवरच, ती निर्माण होताना, एक अनन्य ओळख-क्रमांक मिळाला पाहिजे आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच गेला पाहिजे. याचे कारण साधे आहे. उत्तर आले नाही, याचा अर्थ विनंती पोहोचली नाही असा नसतो. विनंती पोहोचून, नोंद लिहिली जाऊन, फक्त पोचपावती वाटेत हरवलेली असू शकते, आणि फोनला हे दोन प्रसंग वेगळे ओळखता येत नाहीत. मी काम केलेल्या एका प्रणालीत या क्रमांकाअभावी एकाच दुरुस्तीच्या दोन-दोन, कधी तीन-तीन नोंदी झाल्या होत्या. त्या निस्तरण्यात जेवढे दिवस गेले, त्याच्या एका अंशात तो क्रमांक सुरुवातीलाच घालता आला असता. सर्व्हरने आधी पाहिलेला क्रमांक पुन्हा आला तर कृती न करता पहिलेच उत्तर परत द्यावे, आणि हे क्रमांक फोन जास्तीत जास्त जितके दिवस जोडणीबाहेर राहू शकतो त्याहून अधिक काळ लक्षात ठेवावेत.

क्रमाबद्दलही विचार हवा. एक मोठे छायाचित्र पुढे अडकले म्हणून त्याच्यामागची दोन किलोबाइटची तातडीची नोंद थांबता कामा नये. म्हणून नोंदी आणि छायाचित्रे यांच्या रांगा वेगळ्या असाव्यात, छायाचित्रे तुकड्यांनी जावीत आणि तुटल्यास शेवटच्या पोहोचलेल्या तुकड्यापासून पुढे सुरू व्हावीत. सर्व्हरनेही ‘नोंद आली आहे, तिची छायाचित्रे यायची आहेत’ ही स्थिती वैध मानली पाहिजे. दोघांनी एकाच यंत्राची नोंद जोडणीबाहेर बदलली तर काय करायचे, हा प्रश्न पुन्हा ॲपचा आहे, मिडलवेअरचा नाही. शेवटी लिहिणाऱ्याचे खरे मानणे हा मार्ग सोपा आहे. पण तो दुसऱ्याचे काम मुकाट पुसून टाकतो, म्हणून पाहणीच्या निष्कर्षांसाठी मी तो स्वीकारणार नाही. निष्कर्ष बदलण्याऐवजी नव्या निष्कर्षाची भर घालायची, अशी रचना केली तर बहुतेक संघर्ष उद्भवतच नाहीत.

पुनर्प्रयत्न कोणत्या तरी एकाच थरात असावेत. विनंत्या पाठवणारी तयार एचटीटीपी लायब्ररी तीन वेळा, तिच्यावरचा मिडलवेअर तीन वेळा आणि स्क्रीनचा कोड तीन वेळा प्रयत्न करत असेल, तर एका अपयशी विनंतीच्या सत्तावीस विनंत्या होतात, आणि त्या नेमक्या तेव्हा होतात जेव्हा नेटवर्क किंवा सर्व्हर आधीच दमलेला असतो. दोन प्रयत्नांतले अंतर दर वेळी वाढवावे आणि त्यात काही भाग यादृच्छिक ठेवावा, नाहीतर मोठा खंड संपल्यावर सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर येऊन आदळतात.

बॅटरीचा विचार इथेच येतो. मोबाइलचा रेडिओ शेवटचे पॅकेट गेल्यावर लगेच विश्रांतीला जात नाही. नेटवर्कच्या मांडणीनुसार तो काही सेकंद, अनेक एलटीई (४जी) नेटवर्कांवर दहा सेकंदांच्या आसपास, जागा राहतो. दर मिनिटाला एक छोटी नोंद पाठवणे म्हणून दहा नोंदी एकदम पाठवण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. तातडीच्या नसलेल्या कृती एकत्र बांधून, रेडिओ दुसऱ्या कारणाने जागा असताना पाठवणे, हे काम मिडलवेअरशिवाय कोणी करू शकत नाही, कारण सगळी रांग फक्त त्यालाच दिसते. ॲपने प्रत्येक कृतीबरोबर ती किती काळ थांबू शकते एवढे सांगितले तरी पुरते.

वाहतुकीच्या थराविषयी थोडक्यात. टीसीपीची जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांना आणि पोर्टना बांधलेली असते, त्यामुळे फोनचा पत्ता बदलला की ती मरते. २०२१ मध्ये आरएफसी ९००० या इंटरनेट मानक-दस्तऐवजात प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या प्रोटोकॉलमध्ये जोडणीला स्वतःची ओळख असते, म्हणून ती वाय-फायवरून मोबाइल डेटावर जिवंत जाऊ शकते. वेबच्या प्रोटोकॉलची आवृत्ती एचटीटीपी-३ त्यावरच चालते. उपलब्ध असेल तर जरूर वापरा, पण क्विक ज्यावर चालते ते यूडीपी अडवणारी नेटवर्के असतात, तेव्हा टीसीपीवर परतण्याची वाट ठेवा. आणि क्विक आल्यामुळे रांग किंवा ओळख-क्रमांक अनावश्यक होतात, असे कोणी म्हटले तर मान्य करू नका. बोगद्यात शिरलेल्या फोनला कोणताही प्रोटोकॉल बाहेर पोहोचवत नाही. मध्येच एखादा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, बसवून तिथे चित्रे लहान करण्याचा जुना मार्गही आता जवळजवळ बंद झाला आहे, कारण वाहतूक सांकेतिक स्वरूपात जाते. वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती आपल्याच सर्व्हरने तयार ठेवाव्यात आणि त्यांचे आकार फोनला आधी कळवावेत, म्हणजे ॲपला निवड करता येईल.

चाचणीबद्दल एक आग्रह आहे. लिनक्सवरच्या ‘नेटेम’ या नेटवर्क मुद्दाम बिघडवणाऱ्या साधनाने ठरावीक विलंब, ठरावीक गळती आणि मर्यादित वेग सहज लावता येतो, पण स्थिर वाईट नेटवर्क ही सोपी परीक्षा आहे, प्रणाली मोडतात त्या संक्रमणाच्या क्षणी. ओडिसीच्या मंडळींनी १९९७ मध्येच प्रत्यक्ष फिरताना टिपलेल्या नेटवर्कच्या नोंदी प्रयोगशाळेत पुन्हा चालवण्याची पद्धत वापरली होती. तुमच्या कर्मचाऱ्यांच्या एका दिवसाच्या फेरीतून असा माग मिळवता येईल. त्याखेरीज तीन प्रसंग मुद्दाम घडवावेत: सर्व्हरने नोंद लिहिल्यावर पण पोचपावती पोहोचण्याआधी जोडणी तोडणे, अपलोड चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिमने ॲप बंद करणे, आणि जोडणी आहे असे दिसत असताना एकही पॅकेट पलीकडे न पोहोचणे. माझ्या अनुभवात तिसरा प्रसंग सर्वांत जास्त दोष उघडे पाडतो, कारण बहुतेक कोड ‘जोडणी नाही’ या संदेशाची वाट पाहत बसतो आणि तो संदेश कधी येतच नाही.

वापरकर्त्याला काय दिसावे, हेही याच रचनेचा भाग आहे. ‘पाठवले’ हा शब्द फक्त सर्व्हरची पोचपावती फोनवर लिहिली गेल्यानंतरच दिसावा. तोपर्यंत ‘फोनवर जतन, पाठवायचे बाकी’ असे स्पष्ट दिसावे आणि बाकीची संख्याही दिसावी. दिवसअखेर ती संख्या पाहून कर्मचारी स्वतः चांगल्या नेटवर्कच्या जागी थांबतो, आणि ते कोणत्याही अल्गोरिदमला जमत नाही.

कामाचा क्रम विचाराल तर मी असा धरेन. आधी नोंदींची पक्की रांग, ओळख-क्रमांक आणि सर्व्हरवरची त्यांची पडताळणी; एवढ्याने तुमच्या बहुतेक तक्रारी थांबतील. मग सगळे पुनर्प्रयत्न आणि टाइमआउट त्या एका थरात आणावेत आणि स्क्रीनच्या कोडमधून काढून टाकावेत. मग छायाचित्रांचे तुकडे आणि सकाळची आगाऊ साठवण. दर्जा निवडणारी उलट हाक सर्वांत शेवटी, आणि तीही आराखडे उतरवून घेण्यापुरती आधी; छायाचित्रे लहान करण्याचा प्रश्न पाहणी करणाऱ्यांना स्वतः विचारल्याशिवाय हाती घेऊ नका, कारण कोणते छायाचित्र भेगेचे आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असते.